मृगाआधी खाणीचा नाला पाहून या

खाणीजवळच्या वस्त्यांत गेलो की दर पावसाळ्यात आया-बहिणी आम्हाला एक प्रश्न विचारतात. "पाण्यात औषधाचे थेंब टाकतो, आशाताई सांगतात तसे सगळे करतो, तरी पोरांची हगवण का थांबत नाही?" थेंब खोटे नसतात आणि आईही निष्काळजी नसते. उत्तर बरेचदा गुंडाच्या तळाशी सापडते. रात्री भरलेल्या गुंडात सकाळी काळपट गाळाचा थर बसलेला असतो, आणि त्या गाळाने औषधाची ताकद आधीच खाऊन टाकलेली असते.

हा गाळ आला कुठून? चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी, उमरेड या कोळसापट्ट्यातल्या आपल्या कितीतरी वस्त्या खाणीच्या उतारावर किंवा नाल्याच्या काठी आहेत. पहिला जोराचा पाऊस झाला की नाला काळा उतरतो. मग विहीर, झिरा, हातपंपाभोवतीचा खड्डा सगळे गढूळ होते. लोक म्हणतात, "खाण आहे, असे होणारच." आम्हाला हे मान्य नाही. धम्माने आपल्याला दैवाकडे नाही, कारणाकडे पाहायला शिकवले. काळ्या पाण्यालाही कारण आहे आणि उपायही आहे. गाळ खाणीच्या हद्दीतच थांबला पाहिजे. घरातल्या गुंडात तो थांबवण्याची पाळी आईवर येऊ नये.

पाणी किती आणि मळते कसे

आधी हिशेब करू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होते. समजा, वस्तीशेजारची खाण छोटीच आहे. खड्डा, मातीचे ढिगारे आणि रस्ते मिळून वीस हेक्टर. एका दिवसात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, जो आपल्याकडे आषाढ-श्रावणात नवलाचा नाही. त्या वीस हेक्टरांवर एक कोटी लिटर पाणी पडले. दहा हजार लिटरचे एक हजार टँकर! त्यातले अर्धे जरी वाहून आले तरी पाचशे टँकर मळके पाणी एका दिवसात उताराला लागते. छोटी खाण म्हणून हे पाणी छोटे नसते.

शेतात किंवा जंगलात पाऊस पडला तर गवत आणि मुळे माती धरून ठेवतात, बरेच पाणी जमिनीत मुरते. खाणीत तसे होत नाही. कोळशावरची माती आणि दगड काढून त्याचे डोंगर रचलेले असतात. कामगार त्याला ओबी म्हणतात. हे डोंगर उघडे असतात आणि त्यांची माती सैल असते. डंपरच्या रस्त्यावर चाकांनी दळलेली भुकटी असते. कोळशाच्या साठ्याजवळ आणि रेल्वे सायडिंगवर बारीक चुरा पडलेला असतो. वर्कशॉपजवळ डिझेल आणि ऑइल सांडलेले असते. सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असते, त्याचा न जळलेला अंश दगडमातीत राहतो. काही थरांत गंधक आणि लोखंड असलेले खनिज असते. हवा आणि पाणी लागले की त्यातून आम्ल तयार होते आणि पाण्यावर पिवळा-तांबूस गंज दिसू लागतो. चार महिन्यांच्या उन्हात हे सगळे साचून राहते आणि पहिला पाऊस ते एकदम धुऊन काढतो. म्हणून पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी सर्वांत वाईट असते.

खाणीने करायच्या चार गोष्टी

हे पाणी आवरण्याची रीत नवी नाही, फार अवघडही नाही. खाण मोठी असो वा छोटी, कामे चारच.

पहिले काम, बाहेरचे स्वच्छ पाणी बाहेरच ठेवायचे. वरच्या रानातून येणारे पाणी खाणीत शिरले की तेही मळते. म्हणून खड्ड्याच्या आणि ढिगाऱ्याच्या वरच्या बाजूने नाली काढून ते परस्पर ओढ्याकडे वळवतात. खाणीच्या भोवती माळेसारखी फिरणारी ही नाली, म्हणून कागदोपत्री तिला गारलँड ड्रेन म्हणतात. जितके स्वच्छ पाणी बाहेर राहील तितके मळके पाणी कमी होईल आणि पंपाचा खर्चही वाचेल.

दुसरे काम, माती जागेवर धरून ठेवायची. ढिगारा उभा कडा नको. पायऱ्या-पायऱ्यांचा आणि मंद उताराचा हवा. पर्यावरण मंजुरीच्या अटींत सहसा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नको असे लिहिलेले असते. पायथ्याशी दगडी भिंत, भिंतीला लागून नाली, आणि जो भाग पुरा झाला त्यावर लगेच गवत आणि झाडे. गवत लावणे शोभेसाठी नसते. पावसाचा थेंब थेट मातीवर आपटला की कण सुटतो. पानावर आपटला की सुटत नाही.

तिसरे काम, मळके पाणी थांबवायचे. नाल्यांतून जमलेले पाणी थेट ओढ्यात न सोडता गाळ बसवायच्या तळ्यात आणतात. तिथे पाणी संथ होते आणि गाळ खाली बसतो. वाळूचा कण एक मीटर खाली जायला दोन-चार मिनिटे घेतो. अगदी बारीक चिकणमातीच्या कणाला तेवढेच अंतर जायला दोन-तीन दिवस लागू शकतात. कोळशाची भुकटी तर मातीपेक्षा हलकी, ती आणखी सावकाश बसते. म्हणून एक छोटा खड्डा खणून "तळे केले" म्हणणे पुरेसे नाही. एकामागे एक अशी दोन-तीन तळी हवीत आणि त्यांत पाणी टिकले पाहिजे. मंजुरीच्या अटींत नाली आणि तळे हे अचानक येणाऱ्या सर्वांत मोठ्या पावसाच्या हिशेबाने, वर पन्नास टक्के जागा राखून बांधावे, असे लिहिलेले असते. आणि मुख्य म्हणजे, गेल्या वर्षीचा गाळ पावसाळ्याआधी काढलेला हवा. गाळाने भरलेल्या तळ्यात पाणी थांबतच नाही, एका बाजूने येते आणि दुसऱ्या बाजूने तसेच जाते.

चौथे काम, तपासूनच सोडायचे. तळ्यातले निवळलेले पाणी रस्त्यावर मारायला आणि झाडांना वापरता येते. उरलेले ओढ्यात सोडताना त्यात तरंगता गाळ लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, तेल-ग्रीस १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि आम्लता मोजणारा सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान हवा. कोळसा खाणींसाठी ही मर्यादा २००० साली केंद्र सरकारने ठरवून दिली आहे. शंभर मिलिग्रॅम म्हणजे किती? दोनशे लिटरच्या ड्रमात वीस ग्रॅम, मूठभरही नाही. ज्या नाल्याचे पाणी काळ्या चहासारखे दिसते ते या मर्यादेत असण्याची शक्यता फार कमी.

हे पाणी खाणीत उतरणाऱ्यालाही गिळते

आपल्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष याच खाणीत ड्रायव्हर, पंपवाले, ठेकेदाराचे मजूर आहेत. पाण्याचा प्रश्न काढला की घरातच कुणीतरी म्हणते, "खाण बंद पडली तर चूल कशी पेटेल?" आम्ही खाण बंद करा म्हणत नाही. नाली साफ करा म्हणतो. ती नाली जितकी वस्तीची, तितकीच कामगाराची आहे.

सप्टेंबर १९९५ मध्ये धनबादजवळच्या गजलीटांड कोळसा खाणीत पुराने फुगलेल्या कतरी नदीचे पाणी शिरले. आत काम करणारे ६४ कामगार गेले. डिसेंबर २०१८ मध्ये मेघालयातल्या जयंतिया टेकड्यांत एका छोट्या, बेकायदा खाणीत पाणी घुसून पंधरा जण अडकले. खाणीच्या तोंडाशी पाणी येऊ न देणे हा खाण सुरक्षेचा जुना नियम आहे, आणि त्यावर देखरेख खाण सुरक्षा महानिदेशालयाची आहे. पावसात ढिगारा खचणे, रस्ता निसरडा होऊन डंपर घसरणे, खड्ड्याच्या तळाशी पाणी भरणे, यांचेही मूळ त्याच न काढलेल्या नालीत असू शकते.

घरात काय करायचे

खाणीने आपले काम करेपर्यंत पोरांना तहानलेले ठेवता येत नाही. म्हणून घरची रीत नीट समजून घेऊ.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कोळशाच्या गाळाने थेट हगवण लागत नाही. हगवण, कावीळ, टायफॉइड यांचे जंतू माणसाच्या विष्ठेतून पाण्यात येतात. उघडी गटारे, फुटलेली पाइपलाइन, नाल्याकाठचे शौच हा आपल्या बाजूचा दोष, तो आपल्यालाही दुरुस्त करायचा आहे. पण गाळ त्या जंतूंना आडोसा देतो. क्लोरीनचे थेंब गाळावरच खर्च होतात आणि कणांत दडलेले जंतू वाचतात. म्हणून गढूळ पाण्यात थेट थेंब टाकून उपयोग नाही. क्रम असा ठेवा.

१. पाणी चार पदरी स्वच्छ सुती कापडातून गाळा.

२. तुरटीचा खडा पाण्यात काही वेळा फिरवून काढून घ्या. दोन-तीन तास, शक्य असेल तर रात्रभर, भांडे हलवू नका.

३. वरचे निवळ पाणी हळूच दुसऱ्या भांड्यात ओता. तळाचा गाळ त्यात येऊ देऊ नका.

४. आता ते पाणी खळखळून उकळा, किंवा बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा.

५. पाणी झाकून ठेवा. हात न बुडवता वगराळ्याने काढा.

उकळण्याने जंतू मरतात. नायट्रेट, धातू आणि तेल मात्र जात नाहीत. उलट पाणी आटले की नायट्रेट जास्त दाट होते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असेल तर वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला धोका असतो. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी होते, ओठ आणि नखे निळसर दिसतात. असे दिसले तर क्षणभर थांबू नका. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त अंगावरचे दूध द्या, पाण्याचा थेंबही लागत नाही. ज्या पाण्यावर तेलाचा तवंग किंवा तांबूस गंज आहे, ते पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी वापरूच नका; टँकर किंवा दुसरा स्रोत मागा.

जुलाब लागले तर सुरुवातीपासून ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मुलाला आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या आणि जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या करा. डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले, लघवी बंद झाली किंवा शौचात रक्त दिसले तर १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. पुराच्या पाण्यातून चालल्यावर आठ-पंधरा दिवसांत जोराचा ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे झाले तर डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो" हे आवर्जून सांगा. तो लेप्टोचा ताप असू शकतो, आणि वेळेवर औषध मिळाले तर बरा होतो.

तळे आणि ढिगारा: पोरांना सांगा

गाळ बसवायचे तळे उपयोगाचे असते, पण धोक्याचेही. वरून सुकलेल्या मातीसारखे दिसते, पाय ठेवला की माणूस कमरेपर्यंत रुततो. म्हशी रुततात, त्यांना काढायला गेलेली पोरे रुततात. त्याला कुंपण आणि फलक हवाच. नसेल तर लेखी मागा. खाणीच्या जुन्या खड्ड्यात पोहायला जाणे बंद करा. तिथे काठाला उतार नसतो, एका पावलावर खोल पाणी असते. कोळसा वेचायला जाणाऱ्यांनी पाऊस सुरू असताना आणि नंतरचे काही दिवस ढिगाऱ्याच्या पायथ्याशी थांबू नये. ओल्या ढिगाऱ्यावर भेग दिसली तर तो सरकण्याच्या बेतात आहे असे समजा. साचलेल्या पाण्यात डासही वाढतात. तिथे गप्पी मासे सोडण्याची मागणी आरोग्य केंद्राकडे करता येते.

वस्तीने काय करायचे

मृग लागण्याआधी पाच-सात जणांनी, त्यात दोन-तीन बहिणी असाव्यात, नाल्याच्या कडेने फिरून यावे. आपल्या बाजूनेच फिरा, खाणीच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नका. चार प्रश्न विचारा. नाली साफ आहे का? ढिगाऱ्याच्या पायथ्याला भिंत आहे का, की माती थेट नाल्यात उतरते? तळ्यातला गाळ काढला आहे का? पाणी बाहेर पडायची जागा कोणती?

मग दोन काचेच्या बाटल्या घ्या. पहिला मोठा पाऊस झाला की एक बाटली खाणीच्या वरच्या बाजूच्या ओढ्यातून भरा, दुसरी खाणीच्या खालून. दोन्हींवर तारीख, वेळ, जागा लिहा आणि रात्रभर एका फळीवर ठेवा. सकाळी तळाचा थर आणि पाण्याचा रंग शेजारी-शेजारी पाहा, फोटो काढा. ही प्रयोगशाळेची तपासणी नव्हे. पण गाळ रानातून आला की खाणीतून, हे अंगणवाडीच्या पोरालाही कळते.

वर्षावासात संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला आपण जमतोच. तिथेच एक वही ठेवा. पाऊस कधी पडला, नाल्याचा रंग कसा होता, कोणत्या घरात कुणाला जुलाब झाले, एवढ्या तीनच गोष्टी. आषाढी ते अश्विन पौर्णिमा, तीन महिन्यांची वही तयार झाली की कुणी "तुमचा गैरसमज आहे" म्हणू शकत नाही.

आता कागद. पर्यावरण मंजुरीच्या पत्राची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी अशी अट त्या पत्रातच सहसा असते; पंचायतीत जाऊन ती मागा. अटी पाळल्याचा अहवाल खाणीला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो. तो मिळाला नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्या आणि तीत एक वाक्य जरूर लिहा: "नमुना पाऊस सुरू असताना, पाणी बाहेर पडण्याच्या जागी, आमच्यासमोर घ्यावा." उन्हाळ्यात घेतलेला नमुना निवळच येणार. पिण्याच्या विहिरीचा आणि हातपंपाचा नमुना ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून प्रयोगशाळेत पाठवा. जंतूंबरोबर नायट्रेट, लोह आणि सामू तपासा असे सांगा. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. कामावरच्या माणसाला त्रास होईल अशी भीती असेल तर अर्ज महिला मंडळाच्या किंवा विहार समितीच्या नावाने द्या.

बाबासाहेबांचा या प्रश्नाशी संबंध

खाण आणि पाणी हे दोन्ही विषय बाबासाहेबांनी स्वतः हाताळले आहेत. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले, कामगारांची घरे पाहिली. लगेच १९४४ च्या जानेवारीत कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्यात घरे आणि दवाखान्याबरोबर पाणीपुरवठ्याचा आणि धुण्या-आंघोळीच्या सोयीचाही समावेश होता. त्याच काळात कोळशाच्याच मुलखातल्या दामोदर नदीचे पूर आवरण्याची योजना त्यांच्या खात्याने पुढे नेली. खाणकामगाराच्या घरी स्वच्छ पाणी असणे हा दयेचा विषय नाही, हे त्यांनी तेव्हाच कायद्यात लिहून ठेवले.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते माणूस म्हणून हक्क सांगण्यासाठी. त्या काळी पाण्याला हात लावू देत नव्हते. आज आपल्या नाल्याला हात लावायला कुणी अडवत नाही. पण हात लावावा असे पाणी त्यात राहिले नसेल तर तो हक्क अर्धाच राहिला.

शाक्य आणि कोलियांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला तेव्हा सिद्धार्थाने शस्त्राला नकार दिला आणि आधी चौकशी करू, दोष कुणाचा ते पाहू, असा आग्रह धरला. आपणही तेच करायचे आहे. भांडायला जाण्याआधी पाहायचे, मोजायचे, लिहून ठेवायचे. आणि मग सगळ्यांनी मिळून, न घाबरता मागायचे.

मृगाला दिवस थोडे उरले आहेत. येत्या रविवारी विहारातली वंदना झाली की पाच जण निघा आणि नाला पाहून या.

नमो बुद्धाय. जय भीम.